संगणकातील कोठ्या

मंडळी, निशाणी पाहून वस्तू ओळखणे आपल्याला नवे नाही. १९५१-५२ साली देशात पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली. आपला बीड जिल्हा तेव्हा हैदराबाद राज्यात होता. बहुतेक मतदारांना अक्षरओळख नव्हती. म्हणून प्रत्येक उमेदवाराची मतपेटी निराळी ठेवली आणि तिच्यावर त्याची निशाणी चिकटवली. लोकांनी निशाणी बघितली आणि मत टाकले.

संगणकाच्या पडद्यावरही अशाच निशाण्या असतात. दिंद्रुडात सातबारा काढायला दुकानात गेलात, तर पडद्याकडे जरा बघा. आडव्या, चपट्या पेटीसारखी दोन-तीन चित्रे दिसतील. दिसली नाहीत तर दुकानदाराला दाखवायला सांगा. एकेक चित्र म्हणजे एकेक कोठी. तिला ड्राइव्ह म्हणतात. बळदात धान्य, तसे या कोठीत कागद.

कोठीचे नाव एका इंग्रजी अक्षराचे असते. सी हे अक्षर चंद्रकोरीसारखे. त्या कोठीत संगणक चालवणारी सामग्री असते, तिला उगाच हात लावू नये. डी हे अक्षर ताणलेल्या धनुष्यासारखे. तिथे बहुधा दुकानदार कामाचे कागद ठेवतो. मग ए आणि बी कुठे गेल्या? पूर्वी फ्लॉपी नावाच्या पातळ चकत्या असत. ती अक्षरे त्यांच्यासाठी राखलेली होती. चकत्या गेल्या, पण त्यांची जागा कुणी घेतली नाही. वाडा पडला तरी लोक 'पाटलाचा वाडा' म्हणतातच की!

चित्राजवळ एक पट्टी असते. कोठी भरेल तशी ती निळी होत जाते. जागा फार थोडी उरली की लाल होते. ही निशाणी आम्हांला पसंत आहे. न वाचताही कळते.

सगळ्याच निशाण्या इतक्या सरळ नाहीत. अमेरिकेत १९८४ साली मॅकिन्टॉश नावाचा संगणक निघाला. त्यातली चकती बाहेर काढायची, तर तिचे चित्र ओढून कचऱ्याच्या टोपलीवर न्यायची रीत होती. चकती सुखरूप बाहेर येई. पण टोपलीत टाकले म्हणजे सारे गेले, असेच कुणालाही वाटणार. शिकलेली माणसे सुद्धा बिचकत. पुढे कंपनीने अशा वेळी टोपलीच्या जागी बाहेर काढण्याची निशाणी दाखवायला सुरुवात केली. दोष माणसांचा नव्हता, चित्राचा होता.

आता पेन ड्राइव्ह. ही बोटाएवढी कोठी खिशात मावते. ती लावली की पडद्यावर नवी पेटी येते, बहुधा ई नावाची. हे अक्षर तीन दातांच्या दाताळ्यासारखे. डी आणि ई यांची चित्रे इतकी सारखी की नुसत्या चित्रावर जाल तर फसाल. अक्षर वाचा. पेन ड्राइव्ह काढण्याआधी 'इजेक्ट' करायला सांगा. लिहिणे चालू असताना उपटली, तर कागद अर्धवट राहतो.

आणखी एक. तुमच्या आधार कार्डाची नक्कल दुकानाच्या कोठीत राहिलेली असू शकते. ती दुसऱ्याच्या हाती पडली तर तुमच्या नावाने भलतेच काम होईल. काम झाले की ती पुसायला सांगा. पुसलेला कागद आधी 'रिसायकल बिन' नावाच्या टोपलीत पडतो, तिथून परतही येतो. तेव्हा टोपलीही रिकामी करायला लावा. तिचे चित्र नीट बघा: आत काही असेल तर टोपली भरलेली दिसते, नसेल तर रिकामी.