मंठ्याची बाजारपेठ वाढवायची तर नगर पंचायतीने काय करावे

मोठा कारखाना मंठ्यात यावा असे प्रत्येक निवडणुकीत कुणी ना कुणी म्हणतो. तो आणणे नगर पंचायतीच्या हातात नाही. वीजदर विद्युत नियामक आयोगाकडे, औद्योगिक वसाहत औद्योगिक विकास महामंडळाकडे, जीएसटी राज्य आणि केंद्राकडे. नगर पंचायतीकडे उरतात जागा, दाखले, पाणी, गटार, दिवे आणि स्वतःची देणी. छोट्या धंद्याचे निम्मे दुखणे याच गोष्टींत असते, म्हणून सुरुवात इथूनच करायची.

आधी मोजणी करा. दुकाने, टपऱ्या, हातगाड्या आणि घरातून चालणारे शिवणकाम, पापड, मसाला हे सगळे नोंदवहीत आले पाहिजे. आठवडी बाजाराची मोजणी बाजाराच्याच दिवशी करा, कारण बाहेरगावचे विक्रेते एरवी दिसत नाहीत. खरीप माल मोंढ्यात येतो त्या दिवसांत एक फेरी वेगळी मारा; सोयाबीन-कापसाचा पैसा हातात खेळत असताना बाजार किती फुगतो ते तेव्हाच कळते. प्रत्येकाला विचारायचे एवढेच: कुठे बसता, कशामुळे अडते, वाढवायचे झाले तर काय हवे? कर वसुलीचा माणूस या कामावर पाठवू नका. त्याला कुणी खरे सांगणार नाही.

मग जागा. इथे घाई झाली की सगळे बिघडते. पथविक्रेता अधिनियम, 2014 प्रमाणे सर्वेक्षण होऊन प्रमाणपत्रे देईपर्यंत कुणालाही उठवता येत नाही. नंतर हलवायचे झाले तरी 30 दिवसांची नोटीस लागते. शहराच्या लोकसंख्येच्या अडीच टक्क्यांपर्यंत विक्रेत्यांना सामावून घ्यायचे, म्हणजे वीस हजार वस्ती धरली तर पाचशे जण. नगर पथविक्रेता समितीत किमान 40 टक्के सदस्य विक्रेत्यांनी निवडलेले हवेत आणि त्यांत एक तृतीयांश महिला. ही समिती कागदावर ठेवू नका. फळवाल्याला कुठे गिऱ्हाईक मिळते हे अभियंत्यापेक्षा फळवालाच चांगले जाणतो. गावाबाहेरच्या मोकळ्या मैदानात आखलेले ओटे रिकामे पडतात आणि गाड्या पुन्हा बसस्थानकाजवळ येतात, हा अनुभव कितीतरी गावांनी घेतला आहे.

जागेची किंमत कळायची तर बेळगाव आठवावे. तिथल्या नगरपालिकेने शहराच्या विस्तारासाठी लक्ष्मणराव किर्लोस्करांना नांगराच्या कारखान्याची जागा सोडायला लावली. औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी त्यांना माळरान दिले, वर कर्जही दिले आणि 1910 मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली. बेळगावचे नांगर सांगली भागात तयार होऊ लागले. आपल्या गावातला आज लहान दिसणारा माणूस कुठवर जाईल हे नोटीस काढणाऱ्याला कधीच माहीत नसते. म्हणून नोटिशीच्या आधी पर्यायी जागा दाखवा.

व्यापारी संकुलाचे गाळे बांधले असतील तर लिलावात अनामत इतकी चढू देऊ नका की घेणाऱ्याला पोटभाडेकरू ठेवूनच पैसे वसूल करावे लागतील. बचत गटांसाठी काही गाळे राखायचे असतील तर नियम पाहून तसा ठराव लिलावाआधीच करा.

यानंतर कागदपत्रे. आठवड्यातला एक दिवस ठरवा, शक्यतो बाजाराचाच. त्या दिवशी एकाच टेबलावर ना-हरकत, मालमत्ता कराचा उतारा, नळजोडणी आणि उद्यम नोंदणीची मदत मिळावी. उद्यम नोंदणीला सरकारी शुल्क नाही, हे फलकावर मोठ्या अक्षरात लिहा. त्यासाठीही पैसे उकळणारे दलाल आहेत. लोकसेवा हक्क अधिनियम, 2015 खाली अधिसूचित सेवांची मुदत भिंतीवर लावा. विनाकारण उशीर केला तर अधिकाऱ्याला 500 ते 5,000 रुपये दंड होऊ शकतो, हेही त्याच भिंतीवर हवे.

पथविक्रेत्यांना भांडवलासाठी पीएम स्वनिधी योजना आहे. 2025 मध्ये ती 31 मार्च 2030 पर्यंत वाढली. पहिले कर्ज 15,000 रुपयांपर्यंत, वेळेवर फेडले की 25,000, मग 50,000. कर्ज बँक देते, पण प्रमाणपत्र किंवा शिफारसपत्र नगर पंचायतीचे लागते. ते तिथेच अडकू देऊ नका. जालन्याच्या जिल्हा उद्योग केंद्रातील अधिकाऱ्याला महिन्यातून एकदा मंठ्यात बोलवा, म्हणजे मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमाच्या चौकशीसाठी तरुणाला बसभाडे खर्चून खेटे घालावे लागणार नाहीत.

नवा धंदा बाहेरून बोलवायचाच तर आपल्या मालाला आणि रस्त्याला जुळेल तो बोलवा. तुरीची डाळ इथेच झाली तर वाहतूक वाचते आणि चुनी-भुसा जवळच्या गोठ्यांना मिळतो. शेगाव–पंढरपूर हा 548 सी महामार्ग लोणारहून मंठ्यात येतो आणि पुढे परतूरकडे जातो. लोणार सरोवर पाहून निघालेली गाडी मंठ्यात थांबायची तर आधी स्वच्छ स्वच्छतागृह, पिण्याचे पाणी आणि गाडी लावायला जागा हवी. चहा-नाश्त्याची दुकाने त्यामागून आपोआप येतात, त्यांच्यासाठी वेगळी योजना लागत नाही.

एक गोष्ट ठरावाशिवायही होते. गावातल्या छापखान्याकडून, वेल्डरकडून नगर पंचायत माल घेते, काम करून घेते. नोंदणीकृत सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे 45 दिवसांत देणे 2006 च्या कायद्याने बंधनकारक आहे. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज लागते. देयक सहा महिने अडकले की लहान माणसाचे खेळते भांडवल संपते, मग त्याच्यासाठी कितीही मेळावे भरवा.

नगरसेवकांनी पुढच्या सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेवर दोन विषय लावून घ्यावेत: पथविक्रेत्यांचे सर्वेक्षण आणि स्थानिक पुरवठादारांच्या थकीत देयकांची यादी. व्यापाऱ्यांनीही त्या दिवशी सभेत काय ठरले ते विचारायला जावे.