बुडबुडा नाही, म्हणे!

भाची दवाखान्यात ऑक्सिजनच्या मास्कखाली होती आणि ज्याच्याकडून गॅस गीझर घेतला तो दुकानदार आमच्या बाथरूममध्ये उभा राहून नळीला साबणाचा फेस लावत होता. प्रत्येक जोडावर लावला, वाकून पाहिलं आणि माझ्याकडे वळून म्हणाला, "बघा काकू, एक बुडबुडा नाही. आमच्या मालात खोट नाही. गळती असती तर वास आला नसता का?"

गळती होती असं मी म्हटलंच नव्हतं. पण त्या माणसाला, आणि खरं सांगायचं तर आपल्यातल्या बहुतेकांना, गॅसचा एकच धोका ठाऊक असतो: तो गळतो, भडका उडतो. त्यासाठी सिलिंडरच्या गॅसमध्ये मुद्दाम उग्र वासाचं मर्कॅप्टन मिसळलेलं असतं, त्यामुळे निदान नाकाला कळतं. नीट न जळलेल्या गॅसचं काय? बंद, लहानशा बाथरूममध्ये गीझर पेटला की तो तिथलाच ऑक्सिजन खातो. तो कमी पडला की ज्योत अर्धवट जळते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही, डोळे चुरचुरत नाहीत. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. साबणाच्या पाण्यात हे दिसत नाही, हो!

गीझर बसवायला माणूस आला तेव्हा मी विचारलं होतं, आणि हे मी पुन्हा पुन्हा सांगणार. "हा ड्राय बाल्कनीत बसवता येईल का?" त्यावर तो म्हणाला, "पाइप लांब पडेल काकू, पाणी येईस्तोवर गार होईल. आम्ही सगळीकडे आतच बसवतो. खिडकी आहे ना?" खिडकी म्हणजे कमोडच्या वरची वीतभर सरकती काच. नाशिकच्या थंडीत ती कोण उघडी ठेवणार? जाताना "घरात कचरा कशाला" म्हणून खोकंही घेऊन गेला. माहितीपुस्तिका त्या खोक्यातच होती. पुढे भांडून ती मिळवली, तर आत चक्क चित्र होतं: बाथरूम, त्यात गीझर आणि त्यावर मोठी फुली.

भाची रविवारी सगळ्यांत शेवटी अंघोळीला गेली, केस धुवायचे होते म्हणून. बराच वेळ झाला, पाणी पडल्याचा आवाज येतोय आणि हाकेला ओ नाही. यांनी खांद्याने दार ढकललं, कडी निघाली, आणि पोर नळाखाली भिंतीला टेकून बसलेली. शुद्ध नव्हती. बाहेर गॅलरीत आणल्यावर जराशाने डोळे उघडले. "मामी, डोकं फुटतंय" एवढंच म्हणाली आणि ओकली.

कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी बोटाला ते चिमट्याचं यंत्र लावलं. ९८ आलं. "ऑक्सिजन उत्तम आहे, उपाशीपोटी गरम पाण्याने चक्कर आली असेल," असं म्हणून त्यांनी मीठ-साखरेचं पाणी द्यायला सांगितलं. पोरगी सरळ उभी राहत नव्हती, म्हणून आम्ही ऐकलं नाही आणि मोठ्या दवाखान्यात गेलो. तिथल्या तरुण डॉक्टरबाईंनी नाडी बघता बघता विचारलं, "अंघोळ करताना झालं का? गीझर गॅसचा आहे?"

मी हो म्हटलं आणि माझ्या डोळ्यांसमोर सगळे रविवार उभे राहिले. सासूबाई अंघोळीनंतर डोकं धरून बसायच्या, त्याला आम्ही पित्त म्हणायचो. यांना घेरी आली तेव्हा बीपीची गोळी बदलून आणली. मला मळमळलं तर संकष्टीचा उपास बाधला. रविवारी सगळे पाठोपाठ अंघोळी करतात, गीझर बंद असा होतच नाही, आणि त्रास व्हायचा तो नेहमी शेवटी जाणाऱ्याला. आठवड्यात घाईघाईने सुट्या सुट्या अंघोळी होतात, तेव्हा कोणाला काही नाही. एवढं ढळढळीत समोर होतं आणि घरात औषधांचे डबे भरत होते!

रक्ताच्या तपासणीत ते निघालंच. बोटावरच्या यंत्राला ऑक्सिजन चिकटलेलं रक्त आणि हा विषारी वायू चिकटलेलं रक्त यातला फरक कळत नाही, म्हणून आकडा छान येतो, हे त्या डॉक्टरबाईंनी समजावलं. म्हणून अशी वेळ आली तर दवाखान्यात शिरताक्षणी आपणच सांगायचं: गॅस गीझर चालू होता, कार्बन मोनॉक्साइड तपासा. कोणी विचारायची वाट बघायची नाही. त्याआधी माणसाला मोकळ्या हवेत ओढायचं, गीझर आणि रेग्युलेटर बंद करायचा, १०८ ला फोन लावायचा.

आता गॅस एजन्सीबद्दल. दर पाच वर्षांनी होणारी सक्तीची तपासणी आमच्याकडे त्याच सुमारास झाली होती. मेकॅनिकने शेगडी पाहिली, नळी पाहिली, पावती फाडली, सही घेतली. गीझरकडे बोट दाखवलं तर म्हणे, "ते आमच्यात येत नाही." मग येतं कोणाच्यात? विकणारा म्हणतो फिटरला विचारा, फिटर म्हणतो दुकानात विचारा. तेव्हा तपासणीच्या कागदावर कशाकशाची तपासणी झाली हे वाचूनच सही करा. आणि मेकॅनिक न बोलावता दारात उभा राहिला तर ओळखपत्र मागा, एजन्सीला फोन करा, मगच आत घ्या.

गॅस गीझर बाथरूमच्या आत बसवायचा नाही. सिलिंडरचा असो की पाइपच्या गॅसचा, सेन्सर असो वा नसो. बाहेर, वारा खेळेल अशा जागी बसवा, पाइप लांब पडला तरी चालेल. पाणी सुरुवातीला जरा गार येतं, त्याने कोणी मरत नाही. हलवायचा खर्च झेपेपर्यंत दार उघडं ठेवून बादली भरा, गीझर बंद करा, जरा थांबा आणि मग आत जा. नुसत्या एक्झॉस्ट फॅनवर विसंबू नका, ताजी हवा आत यायलाही वाट लागते. वर्षातून एकदा गीझर उघडून आतली काजळी साफ करून घ्या. ज्योत निळी हवी. पिवळी, लवलवती दिसली किंवा शेगडीवरच्या पातेल्याचा तळ काळा पडू लागला तर बर्नर साफ करायची वेळ झाली.

बाकीचं नेहमीचंच: आयएसआय शिक्क्याची नारिंगी सुरक्षा नळी, दीड मीटरपेक्षा लांब नको, पाच वर्षांत बदलायची, तारीख नळीवरच छापलेली असते. सिलिंडरच्या वरच्या पट्टीवर आतल्या बाजूने अक्षर आणि वर्ष असतं. सी-२७ म्हणजे २०२७ च्या जुलै ते सप्टेंबरपर्यंत चाचणीची मुदत. ती उलटलेली टाकी परत पाठवा. वास आला तर दिव्याचं बटण दाबू नका, खिडक्या उघडा, बाहेर येऊन १९०६ ला फोन करा. रात्री रेग्युलेटर बंद ठेवा, वगैरे. हे सगळ्यांना माहीत असतं.

गीझर बसवून घेताना मात्र बिलावर "कुठे बसवला" हे लिहून घ्या. आमच्या बिलावर फक्त "फिटिंगसह" आहे, आणि दुकानदार आता म्हणतो की जागा ग्राहकाने दाखवली! मी १९१५ वर तक्रार नोंदवली आहे, जिल्हा ग्राहक आयोगासाठी कागद तयार केले आहेत. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला तिथे फी पडत नाही, हे पुष्कळांना ठाऊक नसतं.

भाची बरी आहे, कॉलेजला जाते. आमचा गीझर ड्राय बाल्कनीत गेला. सोसायटीच्या फळ्यावर मी चिठ्ठी लावली की त्याच फिटरने आपल्या इमारतीत आणखी कोणाकडे गीझर बसवलाय, त्यांनी बघून घ्यावं. सेक्रेटरींनी ती दुसऱ्या दिवशी काढली: "उगाच घबराट नको, वहिनी." मी आता घरोघर जाऊन सांगते आहे.