युद्धपट कसे पाहावे?



पूर्ण पराभवास आपण मराठींत ‘पानिपत होणें’ असें म्हणतों. ज्या लढाईनें आपल्या भाषेस हा वाक्प्रचार दिला, तिच्यावर आशुतोष गोवारीकर यांनीं काढलेला ‘पानिपत’ हा हिंदी चित्रपट २०१९ सालीं प्रदर्शित झाला. असे चित्रपट अवश्य पाहावे. परंतु ते कसे पाहावे, याचा थोडा विचार येथें करूं.

प्रथम इतिहास पाहूं. १७६० सालीं सदाशिवरावभाऊ उत्तरेस निघाले, तेव्हां सैन्याबरोबर बायकामुलें, यात्रेकरू व बाजारबुणगे यांचाही मोठा समुदाय होता. ऑक्टोबरांत मराठ्यांनीं कुंजपुरा घेतला. पण त्याच सुमारास अहमदशहा अब्दालीनें बागपताजवळ यमुना ओलांडून त्यांची दिल्लीची वाट अडविली. पुढें सुमारें अडीच महिने उभय सैन्यें समोरासमोर पडून राहिलीं. रसदेसाठीं झटणारे गोविंदपंत बुंदेले डिसेंबरांत मारले गेले. छावणींत उपासमार सुरू झाली, जनावरें मरूं लागलीं. आणि अखेर १४ जानेवारी १७६१ रोजीं, ऐन संक्रांतीच्या सुमारास, भुकेले शिपाई रणांत उतरले. विश्वासराव व भाऊ पडले. शस्त्र न धरणाऱ्या हजारोंचीही कत्तल झाली.

तात्पर्य, पानिपतचा निकाल जितका तरवारीनें, तितकाच भाकरीनें लागला. आपला भंडारा जिल्हा भाताचा. धान्याच्या कोठाराचें मोल आपणांस निराळें सांगावयास नको. परंतु पडद्यावर घोडदौड दाखविणें सोपें, अडीच महिन्यांची भूक दाखविणें कठीण. खेळास नायक हवा, त्वेष हवा. हिशेबाची चूक मागें पडते.

दुसरा धोका दोष परक्यावर टाकण्याचा. या चित्रपटांतील सूरजमल जाटांच्या चित्रणास राजस्थानांत तीव्र विरोध झाला व कांहीं भाग वगळावा लागला. लढाईपूर्वीं सूरजमलांनीं मराठ्यांची साथ सोडली हें खरें; पण पराभवानंतर वांचलेल्यांना त्यांनींच अन्न, वस्त्र व आसरा दिला, हेंही तितकेंच खरें.

हा दोष केवळ आपल्याकडील नव्हे. क्रिमियाच्या युद्धांत २५ ऑक्टोबर १८५४ रोजीं बॅलक्लाव्हा येथें एका संदिग्ध हुकमामुळें सुमारें ६७० ब्रिटिश घोडेस्वार भलत्याच खोऱ्यांत तोफांच्या तोंडीं गेले. शंभरावर ठार झाले. १९३६ सालच्या अमेरिकन चित्रपटानें ही गफलत एका शूर अधिकाऱ्याच्या सूडाची कथा बनविली, आणि त्यासाठीं हिंदुस्थानांतील एक काल्पनिक खलनायक उभा केला. १९६८ सालच्या ब्रिटिश चित्रपटानें मात्र वरिष्ठांचें आपसांतील वैर व हुकमाचा घोटाळा उघड दाखविला. घटना एकच, पण एक चित्रपट टाळ्या घेतो, दुसरा विचार करावयास लावतो.

तेव्हां युद्धपट पाहून घरीं आल्यावर तीन प्रश्न स्वतःस विचारा. हुकूम कोणीं दिला, व कोणत्या माहितीवर? शिपायाच्या पोटांत त्या दिवशीं काय होतें? आणि पडद्यावर कोण दिसलेंच नाहीं? पालकांनींही मुलांजवळ बसून हे प्रश्न बोलावे.

चूक झांकल्यानें मृतांचा मान वाढत नाहीं. आपली चूक पदरीं घेणें हा पश्चात्तापाचा आरंभ होय, असें पवित्र शास्त्र शिकवितें; राष्ट्रांसही तोच नियम लागू आहे. पानिपतावर पडलेल्यांचें स्मरण करावयाचें, तर त्यांच्या शौर्याबरोबर त्यांची भूकही आठवावी.