पोरानं पुस्तकं विकली तेव्हा

पालकहो,

आषाढात आपल्या जुन्नर-आंबेगावातून दिंड्या पंढरपूरला निघाल्या, की मला तिथं 1915 साली जन्मलेलं एक पोर आठवतं. दीड वर्षाचं असताना त्याची आई गेली. तिचा साधा फोटोही मागं उरला नाही. वडिलांनी दुसरं लग्न केलं, बिऱ्हाड इंदूरला गेलं. पोराला खरा लळा आजोबांचा, पत्र्याचे दिवे करणाऱ्या अब्दुल यांचा. तेही गेले. मग ते पोर आजोबांच्या खोलीत, त्यांच्याच पांघरुणात झोपायचं आणि कुणाशी बोलायचं नाही. शेवटी वडिलांनी त्याला बडोद्याच्या वसतिगृहात धाडलं.

हे पोर म्हणजे चित्रकार मकबूल फिदा हुसेन.

अशी घरं आपल्याला नवी नाहीत. कुणाचा बाप मुंबईत डबे पोचवतो, कुणाचा चाकणला पाळीवर असतो, मुलं आजीपाशी. कुठं सावत्र आई आलेली, कुठं बाप घरात असून नसल्यासारखा. ‘माझं कुटुंब’ काढायला सांगितलं, की एखादं लेकरू आजीला घराएवढी काढतं आणि बापाला एसटीच्या खिडकीत टिकलीएवढा. आपण ते चित्र हातात घेतो आणि विचारतो, “मार्क किती पडले?”

हुसेन यांच्या वडिलांना वाटे, पोरानं धंदा शिकावा. म्हणून त्याला काकांच्या दुकानात बसवलं. पोर गल्ल्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांची चित्रं काढत राहिलं. एके दिवशी त्यानं शांतारामबापूंच्या ‘सिंहगड’ या बोलपटाची जाहिरात पाहिली. तलवार उपसलेला मावळा! तो तैलरंगात रंगवायचा, तर पैसे कुठले? पठ्ठ्यानं शाळेची दोन पुस्तकं विकून रंग आणले आणि दुकानातच चित्र केलं. काका संतापले, तक्रार वडिलांपर्यंत गेली. आपल्या शिवनेरीच्या मुलखात आज कुणी पुस्तकं विकून मावळा रंगवला, तर आपण काय करू, मनाशी खरं सांगा. त्या वडिलांनी आधी चित्र पाहिलं आणि पोराला पोटाशी धरलं. पुढं चित्रकार बेंद्रे मुलाविषयी बोलायला घरी आले, तेव्हा याच वडिलांनी मुंबईहून रंग आणि कॅनव्हास मागवून दिले.

आईची जागा मात्र रिकामीच राहिली, ती चित्रांतून दिसत राहिली. हुसेन यांनी मदर तेरेसांची चित्रमालिका केली. त्यात निळ्या काठाची पांढरी साडी आहे, मांडीवर मूल आहे, पण पदराच्या आत चेहरा नाही. आईचा चेहराच आठवत नव्हता, तो काढणार कसा? आजोबांचा दिवाही त्यांच्या चित्रांत पुन्हा पुन्हा येतो. 1956 च्या एका गाजलेल्या चित्राच्या तर नावातच दिवा आहे.

लोक म्हणतात, दुःखानं कलावंत घडतो. मला हे पटत नाही. आई गेलेली पोरं गावोगाव आहेत. त्यांतली बहुतेक नुसती मुकी होतात. या पोराला आजोबांची कूस मिळाली आणि चुकलेल्या, दूर राहिलेल्या बापानंही ऐन वेळी चित्राकडं पाहिलं. घर मोडकं असलं तरी एवढं करता येतं.

एलिमेंटरी, इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षांना मुलांना जरूर बसवा. त्यांचे गुण दहावीला उपयोगी पडतात. पण गुण विचारण्याआधी चित्रातल्या माणसाकडं बोट दाखवून “हे कोण रे?” एवढं विचारा. घरातलं जे बोलायला आपल्याला जड जातं, ते कदाचित मुलानं कागदावर मांडलेलं असेल. उत्तर कडू निघालं तरी रागावू नका, आणि तो कागद रद्दीत टाकू नका.