जिथे ‘बघण्यासारखं’ काहीच नाही, तिथे काय शिकवायचं? : गालजीबागचा किनारा आणि आमचा परिसर अभ्यास



सहलीचे दिवस आले की पालकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो. “बाई, तिथे आहे काय?” झोके, बोटी, घसरगुंडी असं काहीतरी सांगितलं की त्यांचं समाधान होतं. खरं सांगायचं तर मीही अशीच ठिकाणं शोधायचे. यंदा मात्र घरच्या सहलीत असा एक किनारा पाहिला, जिथे यातलं काहीच नाही. तिथून परत आल्यावर तिसरी-चौथीच्या मुलांबरोबर जे केलं, ते आज लिहिते आहे. त्यात माझी एक चूकही आहे.

आमची शाळा चंदगड तालुक्यात. समुद्र नकाशावर जवळ दिसतो, पण वर्गातल्या निम्म्याहून अधिक मुलांनी तो पाहिलेला नाही. जानेवारीत आम्ही घरचे दक्षिण गोव्यात काणकोणला गेलो आणि तिथून गालजीबागला. समुद्री कासवं अंडी घालायला येतात म्हणून गोव्यातले चार किनारे राखले जातात : मोरजी, मांद्रे, आगोंद आणि गालजीबाग. मोरजीला आता हॉटेलं, शॅक्स आणि दिव्यांची गर्दी आहे. गालजीबागला गेल्यावर पहिल्यांदा जाणवते ती शांतता. मागे सुरूचं बन, पुढे वाळू, त्यापुढे समुद्र. वन खात्याचा फलक, एक साधी झोपडी, आणि जाळी लावून राखलेला वाळूचा एक तुकडा. बस्स.

माझा मुलगा तिसरीत आहे. पाच मिनिटं इकडेतिकडे पळाला आणि म्हणाला, “आई, इथे करायचं काय?”

मलाही पटकन उत्तर सुचेना. मग आम्ही नुसते चालत राहिलो. ओल्या वाळूवर मोहरीएवढ्या वाळूच्या गोळ्यांची नक्षी होती, मधोमध एक बारीक भोक. हे काम इवल्याशा खेकड्यांचं. वाळू तोंडात घ्यायची, तिला चिकटलेलं खाणं काढून घ्यायचं आणि उरलेल्या वाळूची गोळी करून बाजूला टाकायची. भरती आली की सगळं पुसलं जातं, ओहोटीला पुन्हा सुरुवात. वर कोरड्या वाळूत मर्यादवेल पसरली होती, जांभळी फुलं, आपट्याच्या पानांसारखी दुभंगलेली पानं. तिच्या मुळांनी आणि लांब वेलांनी उडती वाळू धरून ठेवली जाते. नाव कुणी ठेवलं माहीत नाही, पण चपखल ठेवलंय.

जाळीच्या आत छोट्या पाट्या होत्या. प्रत्येक पाटीवर अंडी घातल्याची तारीख. तिथल्या रखवालदारांनी कोकणीत समजावलं, मुलाला माझ्यापेक्षा जास्त कळलं. नोव्हेंबर ते मार्चच्या सुमारास ऑलिव्ह रिडले जातीची मादी रात्री किनाऱ्यावर येते. मागच्या पायांनी दीडेक फुटाचा खड्डा करते, शंभराच्या आसपास अंडी घालते, वाळू लोटून खड्डा बुजवते आणि निघून जाते. पिल्लं कधी बघतच नाही. भरतीच्या पाण्यात जाईल अशा जागी घरटं असेल, तर माणसं ती अंडी हलक्या हाताने काढून जाळीतल्या खड्ड्यात ठेवतात. 45 ते 60 दिवसांनी पिल्लं वर येतात. पूर्वी कोकण-गोव्यात ही अंडी लोक खायचे, विकायचे. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात हे कासव पहिल्या अनुसूचीत आहे, त्यामुळे अंड्यांना हात लावणं हाही गुन्हा आहे.

आणि आम्हाला कासव दिसलं का? नाही. एकही नाही. पिल्लूसुद्धा नाही.

आता चुकीबद्दल. आमच्या वर्गात गणितासाठी शंख-शिंपल्यांची मोठी बरणी आहे. मोजायला, गट करायला, दशक-एकक शिकवायला. कुणी समुद्रावर जाणार असेल तर मीच सांगायचे, “येताना शिंपले आणा रे.” त्यामुळे मुलाने आईची आज्ञा पाळली आणि पिशवीभर शंख गोळा केले. मीही दोन सुंदर शंख उचलून दिले. बाहेर फलकावर काय लिहिलंय ते मी वाचलं होतं, पण ते कासवांसाठी, शंखांना काय होतंय, असं मनाशी धरलं.

रात्री मुक्कामाच्या खोलीत खरखर ऐकू यायला लागली. आधी वाटलं उंदीर. दिवा लावला, तर पिशवीतून बाहेर पडलेला एक शंख फरशीवरून चालत होता! दुसऱ्यांची घरं पाठीवर घेऊन फिरणारा हा खेकडा, इंग्रजीत हर्मिट क्रॅब. त्याचं पोट मऊ असतं, स्वतःचं कवच नसतं, म्हणून रिकामा शंख शोधून त्यात राहतो. वाढला की मोठा शंख शोधावा लागतो. म्हणजे आपल्याला जो रिकामा शंख वाटतो, ती किनाऱ्यावर कुणाची तरी होऊ शकणारी खोली असते. मुलगा रडवेला झाला. “आई, बरणीत किती आहेत?” एवढंच विचारलं त्याने. सकाळी परत जाऊन आम्ही पिशवी तिथेच रिकामी केली. रखवालदार बघत होते, काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं वाटलं असतं.

शाळेत आल्यावर मी मुलांना विचारलं, कासव म्हणजे काय? उत्तरं भराभर आली. देवळात गाभाऱ्यासमोर असतं ते. सशाला हरवतं ते. धोका दिसला की डोकं आत घेतं ते. शेवटच्या उत्तरावर थांबले. समुद्री कासवाला डोकं आणि पाय कवचात ओढून घेता येत नाहीत! त्याचे पाय वल्ह्यासारखे, पोहण्यासाठी. पाण्यात तरबेज, वाळूवर मात्र अगदी उघडं. मुलांनी फळ्यावर काढलेल्या कासवांचे पाय पुसून पुन्हा काढले.

मग तीन गोष्टी केल्या.

मैदानाच्या कडेला दीड फुटाचा खड्डा खणला. हातांनी, कारण कासवाकडे खोरं नसतं. चार मुलांना अर्धा तास लागला आणि कुरकुर भरपूर झाली. त्यात शंभर खडे मोजून ठेवले. दशकाचा पाठ तिथेच झाला, शिंपल्यांशिवाय.

दोन घमेली वाळू घेतली, एक उन्हात आणि एक चिंचेखाली. दुपारी दोन्हींत तापमापी खुपसली. आमच्याकडे चांगला सात अंशांचा फरक आला. इथे मुलांना सांगितलं की कासवाच्या अंड्यातून नर निघणार की मादी, हे वाळूच्या उबेवर ठरतं. वाळू गरम असेल तर माद्या जास्त, थंड असेल तर नर. एक मुलगी म्हणाली, “मग सगळीकडे ऊन वाढलं तर?” मी तो प्रश्न फळ्यावर लिहून ठेवला. शास्त्रज्ञांनाही हीच काळजी आहे, एवढं सांगितलं.

तिसरा प्रयोग सर्वांत रंगला. पिल्लं बहुधा रात्री बाहेर येतात आणि उजेडाच्या दिशेने चालतात. अंधाऱ्या किनाऱ्यावर झाडांची बाजू काळी आणि समुद्रावरचं आकाश त्या मानाने उजळ असतं, म्हणून ती बरोबर पाण्याकडे जातात. वर्ग बंद करून एक खिडकी किलकिली ठेवली, हा समुद्र. मुलं पिल्लं झाली, रांगत खिडकीकडे गेली. दुसऱ्या वेळी मागच्या कोपऱ्यात मी मोबाईलचा टॉर्च लावला, हे हॉटेल. बहुतेक पिल्लं हॉटेलात! तिथे पोहोचल्यावर भांडणं, “बाईंनी फसवलं.” मग मी सांगितलं की खरी पिल्लं अशी भरकटली की सकाळी उन्हात वाळतात, नाहीतर कुत्रे, कावळे खातात. तशीही हजारातलं जेमतेम एखादं मोठं होतं असा अंदाज आहे. वर्ग एकदम गप्प झाला.

पालकांना एक सांगावंसं वाटतं. अशा किनाऱ्यावर मुलांना नेलंत तर कासव दाखवण्याचं कबूल करू नका. मूल हिरमुसतं, आणि मग आपण रखवालदारांच्या मागे लागतो, “जाळी जरा उचलून दाखवा ना.” तसं करणारं एक कुटुंब आम्ही पाहिलं. शक्य असेल तर सकाळी लवकर जा, तेव्हा वाळूवरच्या खुणा ताज्या असतात. संध्याकाळनंतर टॉर्च आणि फ्लॅश बंद. आणि “इथे करायचं काय?” हा प्रश्न आला तर घाई करू नका, दहा मिनिटं तो तसाच राहू द्या.

राहिली आमची बरणी. मुलांना खोलीतल्या खेकड्याची गोष्ट सांगितली, माझी चूकही सांगितली. बरणीचं काय करायचं यावर दोन तट पडले. अर्धी म्हणाली परत नेऊन टाकूया. अर्धी म्हणाली इतकी वर्षं झाली, आता कुठल्या किनाऱ्याचं काय ते कसं कळणार? निकाल अजून लागलेला नाही. बरणी कपाटावर आहे आणि एकक-दशकासाठी सध्या चिंचोके वापरतो आहोत.