दुखणं एकाचं, ताट सगळ्यांचं

क्षयाचा रोगी आता सॅनेटोरियममध्ये राहत नाही, घरात राहतो. तपासणी आणि गोळ्या सरकारकडून फुकट मिळतात. पण सहा महिने त्याला खाऊ घालणं, गोळी चुकू न देणं, खचलेल्या मनाला धीर देणं, हे सगळं घरच्या माणसांकडे येतं. आमच्या घराकडे ते दोनदा आलं. आधी माझ्या धाकट्या दिरांना क्षय झाला आणि त्यांचा औषधोपचार संपायच्या आत सासूबाईंना झाला. सासूबाईंचं दुखणं टळण्यासारखं होतं, हे मला नंतर कळलं. ते कसं टळतं, हे दुसऱ्या घरांना वेळेवर कळावं म्हणून हे लिहिते आहे.

आम्ही सोलापूरच्या पूर्व भागातले. इथे घरटी एक माणूस यंत्रमागावर आणि एक बाई विड्यांवर, असाच संसार चालतो. भावजी टॉवेलच्या कारखान्यात, बारा तासांच्या पाळीवर. सासूबाई तरुणपणापासून विड्या वळतात. कारखान्यातून पानं-तंबाखू आणायची, घरी बसून वळायच्या, मोजून द्यायच्या आणि जितक्या भरतील तितकीच मजुरी घ्यायची. घर म्हणजे एक खोली आणि स्वयंपाकाची जागा. पंखा लावला की तंबाखू उडते, म्हणून दिवसा पंखा बंद. वाऱ्यानंही उडते, म्हणून खिडकीही बंद. त्याच खोलीत रात्री आम्ही सगळे झोपायचो.

यंत्रमाग कामगाराच्या घरात खोकल्याला कुणी भीत नाही. भावजींना खोकला लागला तेव्हा तेच म्हणाले, "वहिनी, धूळ बसलीय छातीत. सुट्टीच्या दिवशी बरं वाटेल." औषधाच्या दुकानातून बाटली आणली. मग जवळच्या दवाखान्यात गेलो. तिथे अँटिबायोटिकच्या गोळ्या मिळाल्या. ताप उतरला, पुन्हा चढला, पुन्हा गोळ्या मिळाल्या. थुंकी तपासा, असं तिथे कुणी सांगितलं नाही. तोवर त्यांची पँट कमरेवर राहीना. अखेर गल्लीत आरोग्याचं काम करणाऱ्या आशाताईंनी त्यांच्याकडे नीट पाहिलं आणि थुंकीसाठी डबी हातात ठेवली. दुसऱ्या दिवशी निदान झालं.

धुळीचा खोकला आणि क्षयाचा खोकला यांत फरक असतो. तो प्रत्येक कामगाराच्या घरात माहीत असायला हवा. कापसाच्या धुळीनं छाती आवळते ती बहुधा सुट्टीनंतर कामावर परतल्याच्या पहिल्या दिवशी जास्त. क्षयाचा खोकला सुट्टी पाहत नाही. त्याच्या जोडीला संध्याकाळी बारीक ताप, रात्री घाम, भूक मंदावणं, वजन उतरणं असतं, कधी थुंकीत रक्त येतं. पण अंदाज बांधत बसण्याची गरजच नाही. खोकला दोन आठवड्यांच्या वर गेला की थुंकी तपासायची. छातीच्या संसर्गासाठी दिली जाणारी काही अँटिबायोटिकं क्षयाच्या जंतूलाही थोडा काळ दाबून ठेवतात. रोग्याला बरं वाटतं आणि निदान लांबतं. म्हणून पहिल्या गोळ्यांनी खोकला गेला नाही, तर दुसरी चिठ्ठी घेण्याआधी डॉक्टरांना स्पष्ट विचारा, "थुंकी तपासू का?"

सरकारी केंद्रातल्या डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत सांगितलं होतं, "घरातल्या सगळ्यांना घेऊन या." मी गेले, माझे यजमान आले, मुलाला नेलं. सासूबाई आल्या नाहीत. दिवस मोडला असता, तेवढ्या विड्यांची मजुरी बुडाली असती. "मला काय होतंय?" असं म्हणून त्या पानं कापत बसल्या.

इकडे भावजींची मजुरी थांबलेली. त्यांना दूध हवं, अंडी हवीत, डाळ घट्ट हवी. ते सगळं आम्ही पुरवलं. पण घरात येणारे पैसे तर कमीच झाले होते. मग कात्री कुठे लागली? सासूबाईंनी दुपारची डाळ सोडली. चहात दूध घेईनाशा झाल्या. रात्री सगळ्यांचं झाल्यावर भाकरी आणि शेंगाचटणी, तीही मोजकी. कुणी विचारलं तर म्हणायच्या, "पोराला लागतंय." भावजींचं वजन वाढत गेलं आणि सासूबाईंचं उतरत गेलं. पुढे त्यांना खोकला लागला, तो तंबाखूचा म्हणून धरला गेला. थुंकीत क्षय निघाला.

हे असं का झालं, ते मला दोन अभ्यासांमुळे उमगलं. एक जुना, एक अलीकडचा.

पूर्वी क्षयरोग्याला घरापासून लांब ठेवत. मिरजेजवळच्या वानलेसवाडीचं सॅनेटोरियम आपल्या भागात सगळ्यांना ठाऊक होतं. मोकळी हवा, विश्रांती आणि चांगलं अन्न हाच उपचार समजत. गोळ्या आल्यावर प्रश्न पडला की इतक्या रोग्यांसाठी खाटा आणायच्या कुठून? मद्रासमध्ये १९५६ साली अभ्यास सुरू झाला. काही रोग्यांना सॅनेटोरियममध्ये ठेवलं, काहींना त्यांच्या दाटीवाटीच्या घरातच ठेवून तीच औषधं दिली. १९५९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. घरी राहिलेले रोगी जवळजवळ तेवढ्याच प्रमाणात बरे झाले. त्यांच्या घरच्यांना क्षय होण्याचं प्रमाणही सॅनेटोरियममधल्या रोग्यांच्या घरच्यांपेक्षा जास्त निघालं नाही. कारण संसर्ग पसरतो तो मुख्यतः निदानाच्या आधी, रोगी औषधाविना खोकत असतो त्या काळात. योग्य औषध सुरू झालं की तो झपाट्यानं कमी होतो.

या निष्कर्षामुळे जगभर क्षयाचा उपचार घरी होऊ लागला आणि लाखो कुटुंबांची ताटातूट टळली. पण गोळ्यांनी रोग बरा होतो म्हणजे अन्नाची फिकीर नको, असा सोयीचा अर्थही त्यातून निघत गेला.

दुसरा अभ्यास झारखंडमधला, 'रेशन्स' नावाचा. डॉ. अनुराग भार्गव, डॉ. माधवी भार्गव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो केला आणि २०२३ साली प्रसिद्ध केला. त्यात २,८०० रोगी होते आणि त्यांच्या घरची १०,३४५ माणसं. दर पाच रोग्यांमधले चार कुपोषित होते. सगळ्या रोग्यांना औषधासोबत महिन्याचं धान्य दिलं. घरच्या माणसांना मात्र निम्म्या भागातच दिलं : मोठ्या माणसामागे महिन्याला पाच किलो तांदूळ, दीड किलो डाळ आणि जीवनसत्त्वांच्या गोळ्या. जिथे घरच्यांनाही धान्य मिळालं, तिथे त्यांच्यात नव्यानं क्षय होण्याचं प्रमाण ३९ टक्क्यांनी कमी झालं. फुप्फुसाचा, पसरणारा क्षय तर ४८ टक्क्यांनी घटला. रोग्यांबाबतही एक गोष्ट दिसली. पहिल्या दोन महिन्यांत ज्यांचं वजन पाच टक्क्यांनी वाढलं, त्यांच्यात मृत्यूचा धोका ६१ टक्क्यांनी कमी होता.

आमच्या घरी काय घडलं, ते यात सगळं आलं. भावजी औषधाविना खोकत होते तेव्हाच सासूबाईंच्या शरीरात जंतू शिरला असणार. तो पुष्कळांच्या शरीरात शिरतो आणि बहुतेकांमध्ये निपचित पडून राहतो. अंगात ताकद असेल तर उठत नाही. सासूबाईंची ताकद त्यांच्याच ताटातून निघून गेली. रोग्याला खाऊ घालण्यासाठी दुसऱ्याचं ताट रिकामं करणं म्हणजे रोगाला घरात दुसरी जागा करून देणं आहे.

म्हणून ज्यांच्या घरी आज निदान झालं आहे, त्यांना माझं सांगणं असं.

रोग्याबरोबर सगळ्या घराची तपासणी करा, आणि ती पहिल्याच आठवड्यात. ज्यांना क्षय नाही असं ठरतं, त्यांच्यासाठी प्रतिबंधक गोळ्या असतात. सहा महिने रोज एक औषध किंवा बारा आठवडे आठवड्यातून एकदा, यांतलं काय द्यायचं ते डॉक्टर ठरवतात. पाच वर्षांखालच्या मुलांना धोका सर्वांत जास्त असतो, त्यांच्याबाबत एक दिवसही दवडू नका. माझ्या मुलाला हे औषध मिळालं, तो ठणठणीत आहे. घरातली जी बाई "मला वेळ नाही" म्हणते, तिला हात धरून न्या. तिचा दिवस मोडेल, पण जीव वाचेल.

वजन लिहून ठेवा. रोग्याचं आणि घरातल्या प्रत्येकाचं, दर महिन्याला. मोठ्या माणसाला रोज किती गोळ्या द्यायच्या हे वजनावरच ठरतं. ३५ ते ४९ किलोला तीन, ५० ते ६४ किलोला चार. त्यामुळे वजन वाढलं की डॉक्टरांना सांगा. दोन महिन्यांत वाढलं नाही, तर ते त्याहून तातडीनं सांगा. घरातलं दुसरं कुणी बारीक होत असेल, तर त्याची थुंकी पुन्हा तपासा.

महागड्या डब्यातल्या पावडरींच्या मागे लागू नका. ज्वारीची भाकरी, घट्ट वरण, मोडाची मटकी, अंडं आणि आपल्या सोलापूरचे शेंगदाणे. शंभर ग्रॅम शेंगदाण्यांत साधारण २५ ग्रॅम प्रथिनं असतात, एका अंड्यात सहा. शेंगाचटणी तोंडी लावण्यापुरती न ठेवता दाण्याचं कूट भाजीत, आमटीत सढळ घाला, आणि ते सगळ्यांच्या ताटात पडू द्या. वाढताना घरातल्या बाईनंही त्याच पंगतीला बसावं. शेवटी बसणाऱ्याच्या वाट्याला काय उरतं, हे आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे.

हक्काचे पैसे मागून घ्या. निक्षय पोषण योजनेतून रोग्याच्या बँक खात्यावर उपचार संपेपर्यंत पैसे जमा होतात. २०१८ साली महिना ५०० रुपयांनी ही योजना सुरू झाली, नोव्हेंबर २०२४ पासून १,००० रुपये झाले. खातं आणि आधार जोडलेलं आहे का, ते पहिल्याच दिवशी पाहा. क्षयरोग्यांना मदत करणाऱ्या निक्षय मित्रांकडून धान्याचं किट मिळतं का, तेही केंद्रात विचारा. घरच्यांसाठीही मागा.

गोळी रोज, ठरल्या वेळी. कारखान्यात रात्रपाळी लागली की झोपेची वेळ उलटते आणि गोळी चुकते, म्हणून गोळीची वेळ पाळीप्रमाणे बदलून डॉक्टरांकडून ठरवून घ्या. लघवी लालसर होते ती औषधाच्या रंगानं, घाबरू नका. पण डोळे पिवळे होणं, उलट्या थांबत नसणं, नजर धूसर होणं, पायांना मुंग्या, यांतलं काही दिसलं तर त्याच दिवशी केंद्र गाठा. कुटुंबनियोजनाच्या गोळ्यांचा परिणाम या औषधानं कमी होतो, हे बायकांनी डॉक्टरांशी बोलून घ्यावं. दारू पूर्ण बंद. मधुमेहाची आणि एचआयव्हीची तपासणी सोबतच करून घ्या.

भांडी वेगळी काढू नका. क्षय ताटवाटीतून पसरत नाही, हवेतून पसरतो. खिडकी उघडा, खोकताना तोंडावर रुमाल धरायला सांगा. आम्ही सासूबाईंची विड्यांची बैठक खोलीतून दाराबाहेरच्या ओट्यावर हलवली. तंबाखू सुपात आडोशाला राहते आणि खोलीत वारा खेळतो.

एका खोलीच्या घरात मात्र खिडकीलाही मर्यादा असते. सोलापूरजवळच्या कुंभारीला विडी कामगार महिलांसाठी दहा हजार घरांची वसाहत २००६ साली उभी राहिली. रे नगरमध्ये असंघटित कामगारांसाठी तीस हजार घरांचा प्रकल्प आहे, त्यातल्या पंधरा हजार घरांच्या किल्ल्या जानेवारी २०२४ मध्ये दिल्या गेल्या. ही घरं कामगारांनी वर्षानुवर्षं लढून मिळवली. माझ्या लेखी तो आरोग्याचाही लढा आहे.

भावजी बरे होऊन कामावर जातात. सासूबाईंचेही उपचार पूर्ण झाले, पण गेलेली ताकद तेवढी परतली नाही. जगातल्या दर चार क्षयरोग्यांमागे साधारण एक भारतात आहे, आणि त्यातल्या प्रत्येकामागे एक घर आहे. तुमच्या घरात कुणाचा खोकला दोन आठवड्यांच्या वर गेला असेल, तर उद्या सकाळी सिव्हिलला किंवा जवळच्या आरोग्य केंद्रात जा, नाहीतर १८००-११-६६६६ या फुकट क्रमांकावर विचारा. आणि जाताना रोग्याला एकट्याला पाठवू नका, सगळं घर घेऊन जा.