बोलणारा व्हिडिओ आणि कापडाचा आवाज



मागणीची चिठ्ठी लिहिणे हा आम्हा कापडवाल्यांचा रोजचा उद्योग आहे. ‘चांगले कॅम्ब्रिक पाठवा’ एवढेच लिहून कोणी शहाणा व्यापारी लूमवाल्याकडून माल मागवीत नाही. सूत 60 बाय 60, वीण 92 बाय 88, ग्रेचा पन्ना 48, तयार पन्ना 44, ताका किती मीटरचा, गाठी पक्क्या की कच्च्या, हे सारे लिहावे लागते. जे लिहायचे राहिले ते समोरचा आपल्या सोयीने घेतो आणि मग माल उघडल्यावर वाद होतो. आज ज्या नव्या कामाविषयी आम्ही लिहीत आहोत, ते मुळात असे चिठ्ठी लिहिण्याचेच काम आहे. फक्त चिठ्ठी वाचणारा माणूस नसून संगणक आहे.

कृत्रिम बुद्धिमत्तेने लेखी हुकुमावरून व्हिडिओ बनविणारी यंत्रे काही वर्षांपासून आहेत. पण बहुतेकांचे व्हिडिओ मुके होते. मे 2025 मध्ये गुगलने व्हिओ 3 आणले आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ओपन एआयने सोरा 2 आणले. या दोन्हींत चित्राबरोबरच बोलणे, वस्तूंचे आवाज आणि आसपासची चाहूल एकाच वेळी तयार होऊ लागली. व्हिओ 3 चा एक तुकडा 8 सेकंदांपर्यंतचा असे. इतरांनीही पुढे अशी यंत्रे काढली. त्यांना जो लेखी हुकूम द्यावा लागतो त्याला ‘प्रॉम्प्ट’ म्हणतात. छोट्या दुकानदाराला जाहिरात करणाऱ्या कंपनीचा खर्च झेपत नाही. त्याला व्हॉट्सॲपवर पाठविण्यापुरता एक नीटनेटका तुकडा घरबसल्या मिळाला तर ती मोठीच सोय आहे. मात्र सोय आहे तशी घसरगुंडीही आहे, आणि आम्ही त्यावरून एकदा घसरलो आहोत.

आमची फजिती

रमजान जवळ आला की कुर्त्याच्या पांढऱ्या कापडाला मागणी वाढते. 2026 च्या जानेवारीत आमच्या भाच्याने मोबाइलवर एक प्रॉम्प्ट लिहिला : ‘पांढऱ्या कुर्त्याच्या सुंदर कापडाची जाहिरात बनवा.’ पाच-सात मिनिटांत व्हिडिओ तयार. एक देखणा तरुण महालासारख्या घरातून चालत येतो, अंगावरचा कुर्ता चांदीसारखा चमकतो, मागे तबला आणि सतार, आणि शेवटी पडद्यावर कोणत्याच भाषेत नसलेली अक्षरे. घरात सर्वांनी वाहवा केली. आम्हीही केली, हे कबूल करतो. व्हिडिओ गिऱ्हाइकांना पाठविला.

नांदेडच्या एका जुन्या व्यापाऱ्याने वीस ताक्यांची मागणी नोंदविली. माल पोहोचल्यावर त्यांचा फोन आला : ‘हाजीसाहेब, व्हिडिओ में जो दिखाए, वो माल किधर है?’ त्यांचा राग रास्त होता. पाठविलेले कापड चांगले सुती कॅम्ब्रिक होते, त्यात काही खोट नव्हती. पण व्हिडिओत दिसत होते ते रेशमी सॅटिन. वीसच्या वीस ताके आम्ही परत घेतले आणि दोन्ही वेळचे भाडे आमच्या अंगावर आले. भाच्याने सफाई दिली, ‘मामू, मी कुठे खोटे लिहिले होते? चमक यंत्राने घातली.’

तो खोटे बोलत नव्हता. पण सहीह मुस्लिममध्ये आलेला धान्याच्या राशीचा प्रसंग आम्हाला त्या रात्री आठवला. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी बाजारात एका विक्रेत्याच्या राशीत हात घातला, तर बोटांना ओल लागली. विक्रेत्याने पावसाचे कारण सांगितले, तेही खरेच असेल. तरी ओले धान्य वर, लोकांच्या नजरेसमोर का ठेवले नाही, असे त्याला विचारले गेले, आणि फसविणाऱ्याशी आपला संबंध नाही, असेही बजावले गेले. पाऊस त्याने पाडला नव्हता, चमक आम्ही घातली नव्हती. पण माल मांडणारे हात त्याचेही होते आणि आमचेही.

यंत्र असे का करते?

या यंत्रांना असंख्य व्हिडिओ दाखवून शिकविलेले असते. प्रॉम्प्टमध्ये जी गोष्ट लिहिली नाही ती यंत्र रिकामी ठेवत नाही. आजवर पाहिलेल्या चित्रांतून अंदाजाने भरते. ‘जाहिरात’ म्हटले की झगमगाट, ‘सुंदर कापड’ म्हटले की रेशीम, हिंदुस्थानी कुर्ता म्हटला की सतार! आमच्या गादीवरचे साधे सुती कापड त्याच्या अंदाजात बसत नाही. म्हणून ‘सुंदर’, ‘उत्तम’, ‘आकर्षक’ ही विशेषणे प्रॉम्प्टमधून काढून टाकावीत आणि जे डोळ्यांना दिसते व कानाला ऐकू येते तेवढेच लिहावे. आमच्यासारख्या जाहिरातीच्या भाषेला सरावलेल्या माणसाला हे जड जाते. पण चिठ्ठीत आपण ‘उत्तम कॅम्ब्रिक’ लिहीत नाही, 92 बाय 88 लिहितो. तीच सवय येथे लावावी.

पहिली गोष्ट, कापड शब्दांनी सांगण्याऐवजी फोटोने द्यावे. बहुतेक यंत्रे फोटो घेऊन त्यालाच हालचाल देतात. फोटो दिवसाच्या उजेडात, दाराजवळ, फ्लॅश न वापरता काढावा. फ्लॅशने सुतालाही चमक येते आणि मग सारी मेहनत वाया जाते. रंगीत माल असेल तर कापडाशेजारी कोरा पांढरा कागद ठेवून एक फोटो काढून पाहावा. कागद पिवळट दिसला तर कापडाचा रंगही बिघडलेला समजावा.

त्यानंतर आम्ही लिहिलेला प्रॉम्प्ट असा होता :

‘सोबतच्या फोटोतील पांढरे सुती कापड. जुन्या कापड दुकानातील गादीवर त्याचा एक ताका आहे. कापडाला चमक नाही, सुताचा किंचित खरखरीतपणा दिसतो. दुकानदाराचे फक्त दोन हात दिसतात, पूर्ण बाह्यांचा करडा कुर्ता. हात ताका दोनदा उलगडतात आणि कापड तळहाताने सपाट करतात. कॅमेरा जवळ, गादीच्या उंचीवर, स्थिर. डावीकडून दाराचा दिवसाचा उजेड. आवाज : ताका उलगडताना गादीवर पडणारे दोन भरीव ठोके, नंतर कापडावरून तळहात फिरण्याची कोरडी सरसर. मागे बाजाराची दबकी चाहूल. कोणतेही संगीत नाही. शेवटच्या चार सेकंदांत दुकानदार, चेहरा न दिसता, शांत व भारदस्त आवाजात मराठीत म्हणतो : शंभर टक्के सुती, पन्ना चव्वेचाळीस इंच, हात लावून बघा. पडद्यावर अक्षरे नाहीत. उभा व्हिडिओ.’

यात क्रिया एकच आहे, जागा एकच आणि कॅमेराही एकाच ठिकाणी. आठ सेकंदांत गिऱ्हाईक दुकानात आले, भाव केला, कुर्ता शिवला आणि ईदगाहला निघाले, इतके सारे मागितले की यंत्र गोंधळते. हात तीन होतात, ताका मध्येच नाहीसा होतो. लांब व्हिडिओ हवा असेल तर आठ-आठ सेकंदांचे तुकडे वेगवेगळे करून जोडावेत. त्या वेळी दुकानाचे व आवाजाचे वर्णन प्रत्येक प्रॉम्प्टमध्ये शब्द न शब्द तेच ठेवावे, नाही तर दुसऱ्या तुकड्यात दुकानदार बदलतो.

आवाजाचे तीन पदर

आवाजात तीन पदर असतात : बोल, वस्तूचा आवाज आणि मागची चाहूल. तिन्ही वेगवेगळ्या वाक्यांत लिहावेत, एकत्र कालवू नयेत.

बोलांचा हिशेब सोपा आहे. सावकाश बोलणारा माणूस एका सेकंदात दोन-अडीच शब्द बोलतो. चार सेकंदांत वीस शब्द कोंबले तर दुकानदार लिलाव पुकारल्यासारखा धावू लागतो. नऊ-दहा शब्द पुरे. आकडे अक्षरांत लिहावेत. ‘44’ लिहिले तर यंत्र तो इंग्रजीत वाचण्याची भीती असते. कोण बोलतो, कोणत्या सुरात आणि कोणत्या भाषेत, हे बोलाच्या आधी सांगावे. बोल अवतरणचिन्हांत टाकले की कधी कधी यंत्र तेच शब्द मोडक्या अक्षरांत पडद्यावर छापते. म्हणून आम्ही विसर्गचिन्हासारखे दोन टिंब देऊन बोल लिहितो आणि ‘अक्षरे नाहीत’ असे बजावतो. दुकानाचे नाव व फोन नंबर नंतर मोबाइलवरच्या साध्या ॲपने टाकावे. बाकीचे वर्णन इंग्रजीत दिल्यास यंत्राला बरे समजते. आम्ही मराठीत लिहून भाच्याकडून त्याचा इंग्रजी तर्जुमा करवितो. दुकानदाराचा बोल मात्र मराठीतच ठेवतो. आमच्या अनुभवात हिंदी, उर्दू बोल स्वच्छ येतात. मराठीतला ‘ळ’ कधी कधी ‘ल’ होऊन बाहेर पडतो. तसे झाले तर ‘ळ’ नसलेले शब्द निवडावेत.

खरी गंमत वस्तूच्या आवाजात आहे. कापडवाल्याला कापड कानानेही ओळखता येते. सुती कापड फाडताना होणारी टर्र वेगळी, पॉलिस्टरची वेगळी. कांजी दिलेले नवे कापड करकरते, धुतलेले गप्प राहते. ‘कापडाचा आवाज’ एवढेच लिहिले तर झेंड्यासारखी फडफड ऐकू येते. म्हणून कोणती वस्तू, कशावर, किती वेळा आणि किती जवळून, असे लिहावे. तांबट बांधवांनी ‘हातोडीचा आवाज’ न म्हणता ‘लाकडी दांड्याच्या हातोडीचे तांब्याच्या पत्र्यावर संथ ठोके, प्रत्येक ठोक्यानंतर धातूचा विरत जाणारा नाद’ असे लिहून पाहावे. अत्तरवाल्यांची पंचाईत आहे, सुगंधाला आवाज नसतो; त्यांना काचेच्या बुचाच्या घासण्यावरच भागवावे लागेल!

यंत्रमागवाल्यांनी एक सावधगिरी बाळगावी. नुसते ‘माग’ लिहिले की यंत्र हमखास हातमाग दाखविते, त्यावर पिकल्या दाढीचे वृद्ध विणकर आणि धोट्याची मंद खटखट. चित्र मोठे लोभस असते, पण आपले कापड यंत्रमागाचे असेल तर ती शुद्ध फसवणूक आहे. हातमागासाठी 1985 च्या कायद्याने काही वस्तू राखून ठेवल्या आहेत आणि हातमागाच्या मालाला स्वतंत्र चिन्ह आहे, ते उगाच नाही. त्यावर दुसऱ्या बांधवांची रोजी आहे.

मागच्या चाहुलीबद्दल थोडेच. ती दबकी ठेवावी, आणि काही नको असेल तर ‘शांत खोली’ असे लिहावे. संगीताबाबत काहीच लिहिले नाही तर यंत्र बहुधा आपण होऊन वाद्ये वाजविते. आपल्या बहुतेक वाचकांना ती नको असतात, तेव्हा ‘संगीत नाही’ हे शब्द विसरू नयेत. अजान किंवा तिलावत मात्र यंत्राकडून करवून घेऊ नये, हे आमचे स्पष्ट मत आहे. एक तर उच्चार बिघडतात, आणि बिघडले नाहीत तरी ती माल विकण्याची वस्तू नव्हे. चित्रातील चेहऱ्यांविषयी उलेमांमध्ये मतभेद आहेत. आम्ही हातांवरच काम भागवितो, आणि कापड विकायला हात पुरतात.

पाठविण्यापूर्वी

व्हिडिओ तयार झाल्यावर प्रत्यक्ष ताका मांडीवर घेऊन बसावे आणि व्हिडिओ चार-पाच ठिकाणी थांबवून ताडून पाहावा. चमक वाढली का, नसलेली किनार आली का, कापड पातळ किंवा जाड दिसते का? नंतर डोळे मिटून नुसता ऐकावा. फरक असेल तर प्रॉम्प्टमध्ये एका वेळी एकच शब्द बदलावा. चार बदलले तर कशाने सुधारले ते कळत नाही. चांगला निघालेला प्रॉम्प्ट वहीत उतरवून ठेवावा.

‘हे कापड मी पाच वर्षे वापरतो’ असे सांगणारे खोटे गिऱ्हाईक यंत्राकडून बनवून घेण्याचा मोह अनेकांना होतो. ती खोटी साक्ष आहे, आणि कायद्यानेही अंगलट येते. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 नुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी 10 लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. शिवाय 20 फेब्रुवारी 2026 पासून लागू झालेल्या केंद्राच्या नियमांनुसार असा कृत्रिम व्हिडिओ मोठ्या समाजमाध्यमांवर टाकताना तसे जाहीर करावे लागते आणि त्यावर ठळक खूण असावी लागते. आम्ही तर व्हॉट्सॲपवरही खाली लिहितो : ‘व्हिडिओ यंत्राने बनविला आहे, कापडाचा खरा फोटो सोबत आहे.’

नवा व्हिडिओ सहाव्या खेपेला जमला. तो नांदेडच्या त्याच व्यापाऱ्यांना पाठविला आणि सोबत हातभर कापडाचा तुकडा टपालाने धाडला. आठ दिवसांनी त्यांचा फोन आला. व्हिडिओतला आवाज आणि तुकडा फाडल्यावरचा आवाज त्यांनी दोन्ही ऐकले होते म्हणे. ‘ताके पाठवा,’ ते म्हणाले, ‘पण या वेळी आधी दोनच.’